साहेबांचे चाळीस सेकंद

साहेबांच्या घरात कुणी भिंतीतून आत आलेलं त्यांना अजिबात खपत नसे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या त्यांच्या फ्लॅटचं दार त्यांनी उघडलं, मी चपला काढल्या आणि सरळ सोफ्याकडे निघाले, तर ते डोळे मिटून तसेच उभे राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तू आत्ता भिंतीतून आलीस. मागे जा आणि दारातून ये." मी खाली पाहिलं. हॉलच्या फरशीवर लाल चिकटपट्टीने एक मोठा चौकोन आखला होता. त्याच्या आत पिवळ्या पट्टीचे लहान चौकोन होते आणि लाल रेघेत उजवीकडे दोनेक हात जागा मोकळी सोडलेली होती. ते दार. मी मुकाट्याने मागे गेले, त्या फटीतून आत आले, तेव्हा कुठे मला चहा मिळाला.

ती आखणी एका स्वयंपाकघराची होती. इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणीजवळच्या घराचं स्वयंपाकघर, आणि तेही नाटकातलं. पूर्वी टेलिव्हिजनच्या नाटकांच्या तालमी म्हणे अशाच, फरशीवर पट्ट्या चिकटवलेल्या एखाद्या हॉलमध्ये होत. खरा सेट शेवटच्या एक-दोन दिवशी स्टुडिओत मिळायचा, तोवर नटांनी रेघांनाच भिंती मानायचं. ते नाटक साहेबांनी केलं त्याला पन्नासेक वर्षं होऊन गेली होती. पण पट्टी झिजली की ते नवं रीळ आणून, अठ्ठ्याहत्तरीच्या गुडघ्यांवर टेकून, ती पुन्हा चिकटवत. त्यांच्या बायकोने, ती इथलीच, शाळेत शिकवायची, आयुष्यभर त्या खोट्या स्वयंपाकघराला वळसा घालून खऱ्या स्वयंपाकघरात स्वयंपाक केला होता. ती गेल्यावर ते एकटेच राहत.

'साहेब' हे नाव आमच्या घरातलं. माझ्या नवऱ्याने थट्टेने ठेवलेलं. खराखुरा गोरा साहेब, पण राहायला तिसऱ्या मजल्यावरच्या सरकारी फ्लॅटमध्ये, अर्ध्या चड्डीत बसने फिरणारा, आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या उघड्या हॉलमध्ये, कुणी जागा अडवायला टेबलावर रुमाल टाकला तर त्या रुमालाची क्षमा मागून शेजारी बसणारा. समोर मी त्यांना 'सर' म्हणत असे.

मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर होते. नवरा आयटीत, मुलगी शाळेत, आणि चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी आणि वॉशिंग मशीन. एका छोट्या कंपनीत नोकरीची जाहिरात पाहिली. कारखान्यांसाठी सुरक्षिततेच्या फिल्म्स करणारी कंपनी होती ती, आणि दिग्दर्शकाला, म्हणजे साहेबांना, मदतनीस हवी होती. मुलाखतीत साहेबांनी माझं शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि म्हणाले, घरी जी भाषा बोलतेस त्या भाषेत तीसपासून उलटं मोज, एका सेकंदाला एक. मी 'तीस, एकोणतीस, अठ्ठावीस' करत शून्यावर आले. घड्याळात साडेतीस सेकंद झाले होते. त्यांचं म्हणणं असं, की परक्या भाषेत माणूस घाईने मोजतो, कारण ती भाषा त्याला लवकर संपवायची असते. त्या दिवसापासून आमच्या सगळ्या शूटिंगवर मराठीतच मोजणी झाली. आमचा कॅमेरामन केल्विन, चिनी मुलगा, त्याला मराठीचा दुसरा शब्द येत नसे, पण 'तीन, दोन, एक' तो झोपेतही म्हणाला असता.

आता साहेबांची मुख्य खोड सांगते. ते बोलणाऱ्याकडे कधी बघत नसत, ऐकणाऱ्याकडे बघत. मीटिंगमध्ये कंपनीचा मालक पोटतिडकीने बोलत असे आणि साहेब भलत्याच माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेले असत. हॉकर सेंटरमध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरून ते बसत आणि पलीकडच्या टेबलावरच्या माणसांकडे बघत हळूच चुटकी वाजवत. एक चुटकी, की त्यांच्या मनातला कॅमेरा बदलला. त्यांच्या काळी स्टुडिओत तीन कॅमेरे एकदम चालत आणि दिग्दर्शक वरच्या कंट्रोल रूममध्ये बसून चुटकी वाजवून सांगे, आता हा, आता तो. स्टुडिओतली नोकरी सुटून किती वर्षं झाली तरी चुटकी सुटली नव्हती. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप पुढ्यात थंड होत असे आणि हे परक्यांच्या गप्पांचं दिग्दर्शन करत असत.

एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं. नवऱ्याने त्यांना आपल्या ऑफिसमधलं राजकारण तासभर ऐकवलं. साहेब तासभर माझ्याकडे बघत होते. ते गेल्यावर नवरा चिडून म्हणाला, "बोलतोय मी, आणि हा माणूस तुझ्याकडे काय बघतो?" माझी मुलगी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, ही इज लाइक दॅट वन लाह." दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला सांगितलं, की नवऱ्याच्या बोलण्यावर तू 'हं' म्हणतेस ते दोन सेकंद उशिरा येतं, त्या दोन सेकंदांत तू दुसरीकडे कुठेतरी असतेस. मला राग आला. राग आला कारण ते खरं होतं.

त्यांची ही खोड नुसती खोड नव्हती हे मला तुआसच्या कारखान्यांच्या भागात कळलं. तिथल्या एका जहाजबांधणीच्या यार्डाला क्रेनने ओझी उचलताना घ्यायच्या काळजीवर फिल्म हवी होती. मॅनेजरने चार पानी भाषण लिहून पाठ केलं होतं, नवा शर्ट घालून आला होता. साहेबांनी त्याला बोलू दिलं, पण केल्विनला कॅमेरा कामगारांकडे वळवायला सांगितला. मग एका वयस्क तमिळ कामगाराला, समोर उभं राहून, क्रेनचा दोर तुटला त्या दिवसाची हकीकत सांगायला लावली. तेव्हाही कॅमेरा त्याच्यावर नाही. मी बाजूला उभी राहून मराठीत सेकंद मोजत होते आणि ऐकणाऱ्या तीस माणसांचे चेहरे एकेक करून बदलत होते. हेल्मेटचा पट्टा नीट लावायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिघांचे हात पट्ट्याकडे गेले.

तयार फिल्म बघून मॅनेजर भडकला. माझा चेहरा कुठे आहे, म्हणाला. साहेब म्हणाले, तो कामगारांना रोज दिसतो. प्रकरण मालकापर्यंत गेलं, साहेबांची नोकरी जाते की राहते असं झालं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये ती दाखवून बघायचं ठरलं. दोनेकशे माणसं होती, एकानेही खिशातून फोन काढला नाही. संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, पुन्हा लावा. पुढे तीच फिल्म तिथे कितीतरी वर्षं दाखवत. परतताना गाडीत केल्विन मला म्हणाला, "बॉस मॅड, बट करेक्ट लाह."

या सगळ्याचं मूळ चाळीस सेकंदांत होतं. ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की त्यांच्याऐवजी मीच सांगू शकले असते. नाटकातली बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत असते. दारावर थाप पडते. खाणीचा फोरमन आत येऊन सांगतो, की तुमचा नवरा आता वर येणार नाही. फोरमनचं काम करणारा नट त्या वेळचा मोठा नट होता आणि रिवाज असा, की बोलणारा मोठा नट असला की कॅमेरा त्याच्यावर. साहेब तेव्हा अठ्ठावीस-तीस वर्षांचे असतील. त्यांनी कॅमेरा बाईवर ठेवला. कंट्रोल रूममधला फोन वाजला. पलीकडून निर्माता ओरडत होता, कट कर, त्याच्यावर जा. साहेबांनी फोन बाजूला ठेवला. चाळीस सेकंद कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलला नाही. हातातला बटाटा तिने सोलून पूर्ण केला.

"आणि त्याच चाळीस सेकंदांपायी माझं वाटोळं झालं," असं म्हणून ते गोष्ट संपवत आणि मजेत हसत. कारण त्यानंतर म्हणे त्यांना नाटक मिळालं नाही. प्रश्नमंजूषा मिळाल्या, बागकामाचे कार्यक्रम मिळाले, घोड्यांच्या शर्यती मिळाल्या. शेवटी सिंगापुरात नव्या पोरांना कॅमेरा शिकवायचं काम निघालं, ते घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. आयुष्य भलतीकडे गेलं खरं, पण एका चांगल्या शॉटची किंमत म्हणून गेलं, असा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबावर ते सुखात होते.

पण तो शॉट आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. त्या काळी टेप महाग असत, म्हणून एक कार्यक्रम पुसून त्यावर दुसरा भरत. साहेबांचं नाटकही असंच पुसलं गेलं. साहेबांना एवढंच कळलं होतं, की पुसण्याआधी टेलिव्हिजनच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून त्याची एक नक्कल काढली होती आणि ते रीळ परदेशी दाखवण्यासाठी पाठवलं होतं. एका देशाने दाखवायचं आणि डबा पुढच्या देशाकडे धाडायचा, अशी पद्धत होती. सिंगापूर त्या वाटेवर होतं. इथलं काम त्यांनी घेतलं त्यात हेही एक कारण होतं, असं मला वाटतं.

दर शुक्रवारी दुपारी काम आटोपलं की साहेब सांगत आणि मी टाइप करत असे. आठवड्याला एक पत्र. कुठल्या संग्रहालयाला, कुठल्या जुन्या टीव्ही स्टेशनला, कुठल्या कॉलेजला. 'आपल्याकडे अमुक नाटकाचा डबा आहे काय?' उत्तरं नम्र येत आणि नाही म्हणत. तीन वर्षं मी हे केलं. सुरुवातीला मला ते म्हातारपणचं खूळ वाटे. पुढे पुढे माझीच उत्सुकता इतकी वाढली, की मीच शुक्रवारची वाट बघायला लागले. ती बाई बटाटा सोलताना नेमकी कशी दिसत असेल, तिने सुरी खाली ठेवली असेल की नाही, हे प्रश्न मला कुकर लावताना पडत.

डबा सापडला तो माझ्यामुळे, हे मी जरा मिरवूनच सांगते. इथल्याच एका जुन्या फिल्मसंग्रहाच्या गोदामात धूळ खात पडलेल्या डब्यांची यादी करायचं काम चाललं होतं आणि केल्विनचा एक मित्र तिथे कामाला होता. त्याने पाठवलेल्या यादीत नाटकांच्या सदरात काही नव्हतं. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. मी मात्र सवयीने सगळी यादी वाचत गेले, आणि पाककृतींच्या सदरात एक नोंद दिसली: ब्रिटिश, काळं-पांढरं, बटाटे, पन्नास मिनिटं. मी पुन्हा वाचली. बटाट्याचा असा कुठला पदार्थ आहे की जो दाखवायला पन्नास मिनिटं लागतात? मला तर एकही सुचेना. नोंद करणाऱ्याने डब्यातली पहिल्या दोन-चार फ्रेम्स उजेडात धरून बघितली असणार. बाई बटाटे सोलतेय म्हणजे स्वयंपाकाचा कार्यक्रम, झालं. मी साहेबांना म्हटलं, "सर, हे रेसिपीचं नाही."

त्यांनी उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली, आणि मग मला केल्विनला फोन करायला सांगितला.

फिल्म स्वच्छ करून कॉम्प्युटरवर उतरवायला संग्रहवाल्यांना महिना-दीड महिना लागला. त्या काळात साहेब हॉकर सेंटरमध्ये चुटक्या वाजवेनात. एकदा मला म्हणाले, "नसेल ते, तर बरं." मी विचारलं, असं का म्हणता? तर म्हणाले, सापडेपर्यंत ते फक्त माझं आहे. मला तेव्हा ते म्हाताऱ्या माणसाचं भित्रेपण वाटलं.

बघायला बोलावलं ती शनिवारची सकाळ होती. लहानशी खोली, भिंतीवर पडदा, दहा-बारा खुर्च्या. केल्विन मागे मशीनपाशी मित्राबरोबर उभा. साहेब फुल पँट आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना फुल पँटमध्ये पहिल्यांदा पाहिलं. बसल्यावर त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणाला दिलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, फोरमनने तोंड उघडलं की सुरू कर, तिच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलला की थांबव.

नाटक सुरू झालं. चित्र मधूनमधून थरथरत होतं, पण होतं. बाई होती, बटाटे होते. साहेब पुढे झुकले आणि पुटपुटले, "दार डावीकडे आहे." म्हणजे त्यांच्या फरशीवर इतकी वर्षं दार चुकीच्या बाजूला होतं. मला हसू आलं, पण लगेच मनात आलं, दार चुकलं तर आणखी काय काय चुकलं असेल?

थाप पडली. फोरमन आत आला, टोपी काढली. बाईचा चेहरा पडद्यावर आला, मोठा, अगदी जवळून. फोरमन बोलू लागला आणि मी बटण दाबलं. आणि त्यानंतर मला जे करायला सांगितलं होतं ते मी केलं नाही. तीन वर्षांची सवय आड आली. ऐकणाऱ्याकडे बघायचं, एवढंच त्या माणसाने मला शिकवलं होतं, आणि त्या खोलीतला ऐकणारा माझ्या शेजारी बसला होता. मी साहेबांकडे वळले.

त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते, आणि मराठीत मोजत होते. एक, दोन, तीन, चार. चारवर ओठ थांबले.

मी पडद्याकडे पाहिलं नाही, पाहायची गरजच उरली नव्हती. फोरमनचा आवाज आता मोठा येत होता आणि पडद्याचा उजेड साहेबांच्या गालावर वेगळा पडला होता. तो मोठा नट बोलत होता, आणि कॅमेरा त्याच्यावर होता. तेव्हाचा तो फोन खरा असेल, निर्मात्याचं ओरडणंही खरं असेल. अठ्ठावीस वर्षांच्या पोराने फोन बाजूला ठेवला नव्हता, एवढंच. त्याने ऐकलं होतं, आणि चुटकी वाजवली होती.

साहेब हलले नाहीत. आधी त्यांच्या भुवया जरा वर गेल्या, कुणी चुकीचा पत्ता सांगावा तशा. मग ओठ पुन्हा हलले, जणू पाचापासून मोजणी पुढे सुरू करायची होती, पण पाच आलं नाही. गळ्याशी हात गेला, तिथे घड्याळ नव्हतं. हात तिथेच राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, मी खोटं सांगणार नाही. तिथे मला नुसता प्रश्न दिसला. अर्ध्या आयुष्याचा एकच पुरावा, आणि तो शोधून आणून त्यांच्यापुढे ठेवणारी मी. ती यादी मी त्या दिवशी वाचली नसती तर, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"मग मला तिथून काढलं कशाला?" ते म्हणाले. अगदी हळू, कुणालाच उद्देशून नाही. कदाचित प्रश्नमंजूषेला त्या आठवड्यात दिग्दर्शक मिळत नसेल, एवढंच असेल.

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती?"

मी दचकले. घड्याळ माझ्या हातात चालूच होतं. मी घाईघाईने बटण दाबलं आणि पाहिलं. तोंडाने 'चार' म्हणता आलं असतं, किंवा 'चाळीस'सुद्धा म्हणता आलं असतं, पण त्यांनी घड्याळासाठी हात पुढे केला होता. मी ते तळहातावर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ते डोळ्यांजवळ नेलं.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. "हे कसं?"

"मी पडद्याकडे बघत नव्हते, सर," मी म्हटलं. "तुमच्याकडे बघत होते. बंद करायचं राहून गेलं."

पडद्यावर फोरमन टोपी घालून निघून जात होता. साहेब आता माझ्याकडे वळले होते, पहिल्यांदाच, मी बोलत असताना. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग घड्याळ पुन्हा गळ्यात घातलं. काटा त्यांनी शून्यावर आणला नाही.

"तुझा शॉट जरा लांबला," ते म्हणाले. "मी असतो तर कट केला असता."